अंतराळातली माणसं इतकी बावळट का वागतात?

अंतराळावरचा चित्रपट बघून बाहेर पडलं की आपल्याकडे दोनच प्रश्न चर्चेला येतात. पहिला, 'हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे का?' निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा आला, कृष्णविवराजवळ वेळ खरंच हळू चालतो का, वगैरे. मराठी वाचकाला ही सवय लागायला कारण आहे. आपल्या पिढ्या नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढल्या. त्यांनी आपली पहिली कथा 'कृष्णविवर' मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती, आणि त्या कथेचा सगळा डोलारा एका भौतिकशास्त्रीय कल्पनेवर उभा होता. तेव्हापासून विज्ञानकथा म्हटली की आपण आधी विज्ञान तपासतो.

दुसरा प्रश्न जास्त चिडून विचारला जातो. 'एवढी शिकलेली माणसं, आणि अनोळखी ग्रहावर जाऊन हेल्मेट काढतात? समोर वळवळणारा प्राणी दिसला तर त्याला हात लावतात?'

नियमित वाचकांना माहीत आहेच, पण नवीन कोणी असेल तर सांगते. माझी पीएचडी कंट्रोल रूममध्ये काम करणाऱ्या माणसांवर आहे. कारखान्यात किंवा वीजकेंद्रात काही बिघडलं की ऑपरेटर त्या क्षणी काय बघतो, काय समजतो आणि मग काय करतो, हा विषय. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर मी गप्प बसते. दुसरा मात्र सरळ माझ्या अंगणात येऊन पडतो. आणि मी बोईसरची असल्यामुळे तो मला नुसता चित्रपटापुरता वाटत नाही.

आमच्याकडे 'शहाणी माणसं चूक का करतात' हा रोजचा विषय आहे. एका बाजूला १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला तारापूर एमआयडीसीतले रासायनिक कारखाने, आणि मध्ये बोईसर स्टेशनवर उतरणारी, चढणारी तीन पाळ्यांची माणसं. जानेवारी २०२० मध्ये इथल्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. त्याच्या आधीही स्फोट झाले, नंतरही झाले. आणि एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जे वाक्य ऐकू येतं, ते थिएटरबाहेरच्या वाक्यासारखंच असतं: 'कामगारानेच काहीतरी चुकीचं केलं असणार.' हेल्मेट का काढलं, व्हॉल्व्ह का उघडला. वाक्याची चाल एकच.

आता थोडं संशोधन. १९७५ मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना शेवट सांगितलाच नाही. मग विचारलं की वर्णन वाचून कुठला शेवट किती संभवनीय वाटतो? ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच आधीपासून जास्त शक्य वाटला. म्हणजे शेवट कळला की 'हे तर होणारच होतं' असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि ते वाटणं शेवट कळल्यामुळे आलंय हे आपल्या लक्षातही येत नाही.

चित्रपटाचा प्रेक्षक तर तिकीट काढतानाच शेवट कळलेला माणूस असतो. पोस्टरवर राक्षस आहे. भीतीदायक संगीत वाजतंय. ते संगीत पात्राला ऐकू येत नाही, हे आपण विसरतो.

त्यामुळे 'बावळटपणा'च्या तक्रारींपैकी निम्म्या मी सोडून देते. तिथे पात्र बावळट नसतं, आपल्याला जास्त माहिती असते. उरलेल्या निम्म्यांत मात्र तथ्य आहे, आणि टीका करायचीच तर तिथे करावी. मी लावते ती कसोटी सुरक्षाशास्त्रातल्या एका साध्या तत्त्वावरून घेतली आहे: माणूस जे करतो ते त्याला त्या क्षणी, त्याच्यासमोर असलेल्या माहितीत, त्याच्यावर असलेल्या दबावात बरोबर वाटतं म्हणून करतो. कोणी कामावर येताना आज अपघात करायचा असं ठरवून येत नाही. तेव्हा लेखकाला विचारायचं ते इतकंच, की या पात्राला हे करणं बरोबर का वाटलं, ते तू मला दाखवलंस का?

ही कसोटी रिडली स्कॉटच्या दोन चित्रपटांना लावून बघा. दिग्दर्शक एक, विश्व एक, आणि निकाल अगदी उलटे.

'प्रोमिथियस' (२०१२) मध्ये फिफील्ड नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ आहे. बोगद्यांचा नकाशा काढणारी उडती यंत्रं त्याचीच. आणि बोगद्यात रस्ता चुकतो तोही हाच. त्याच्याबरोबरचा जीवशास्त्रज्ञ मिलबर्न हजारो वर्षांपूर्वी मेलेलं परग्रहवासीयाचं प्रेत बघून घाबरून परत फिरतो. थोड्या वेळाने तोच मिलबर्न जिवंत, फणा काढलेल्या सापासारख्या प्राण्याला लाडाने हात लावायला जातो. हेल्मेट काढण्याचं मी एक वेळ समजून घेईन, कारण हवा श्वास घेण्याजोगी असल्याचं त्यांनी निदान तपासलं तरी होतं. पण मेलेल्याला भिणारा माणूस जिवंताला का भीत नाही? कथेत याला उत्तर नाही. थकवा नाही, घाई नाही, साहेबाचा दट्ट्या नाही, पगाराची चिंता नाही. लेखकाला तिथे एक मृत्यू हवा होता, इतकंच. इथे तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाच्या बाजूने मी उभी आहे.

आता 'एलियन' (१९७९). माझ्या मते हा भयपट नंतर आहे, औद्योगिक अपघाताचा चित्रपट आधी आहे. नोस्ट्रोमो हे काही संशोधनाचं यान नाही. ते मालवाहू आहे. मागे एक अख्खी रिफायनरी आणि दोन कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे निघालंय. सात माणसं. त्यातले पार्कर आणि ब्रेट हे खालच्या डेकवरचे, इंजिनाचे लोक. त्यांची पहिली तक्रार काय, तर आम्हाला बोनसचा वाटा कमी का? वाटेत अनोळखी संदेश येतो, तेव्हा पार्कर म्हणतो की हे आमच्या कामात बसत नाही, वेगळे पैसे द्या. त्यावर त्याला कराराचं कलम ऐकवलं जातं: असा संदेश तपासला नाही तर वाटा पूर्ण जप्त. इथे संवाद थोडा मराठीत फिरवला तर हे दोघं एमआयडीसीच्या गेटबाहेर टपरीवर उभे आहेत असं वाटेल. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त ऑपरेटर काकांनी हा चित्रपट बघितल्यावर राक्षसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, "त्या दोघांना कॉन्ट्रॅक्टवर घेतलेलं दिसतंय."

मग ती प्रसिद्ध जागा. केनच्या चेहऱ्याला तो जीव चिकटलेला आहे, कॅप्टन डॅलस त्याला घेऊन दाराशी उभा आहे, आणि आत रिप्ली आहे. नियम सांगतो की बाहेरून आलेल्याला क्वारंटाईन. रिप्ली दार उघडायला नकार देते. कॅप्टन हुकूम करतो, तरी ती देत नाही. दार उघडतो तो अ‍ॅश, विज्ञान अधिकारी.

पहिल्यांदा बघताना रिप्ली आपल्याला निष्ठुर वाटते, हे लक्षात घ्या. सहकारी मरतोय आणि ही नियम सांगतेय! नियम मोडणारा माणूस दयाळू वाटतो. या एका प्रसंगात चित्रपटाने जे पकडलंय ते समजावून सांगायला मला प्रबंधाचं एक प्रकरण लागतंय. नियम मोडला जातो तो बहुतेक वेळा मूर्खपणामुळे नाही, तर त्या क्षणी मोडणं हेच माणुसकीचं, शहाणपणाचं किंवा निदान सोयीचं दिसतं म्हणून. आणि पुढे कळतं की अ‍ॅशला कंपनीचा गुप्त आदेश होता: तो जीव आणा, कर्मचाऱ्यांचं काय व्हायचं ते होवो. म्हणजे 'चूक' दारापाशी झालीच नव्हती. ती खूप आधी, खूप दूर, कुठल्यातरी कार्यालयात झाली होती.

गंमत म्हणजे हे सगळं १९७९ सालचं. त्याच वर्षी २८ मार्चला अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, 'एलियन' यायच्या दोन महिने आधी. तिथल्या ऑपरेटरांनी आपत्कालीन थंड पाण्याचा प्रवाह स्वतःच्या हाताने कमी केला. ऐकल्यावर आपण काय म्हणणार? बावळट! पण त्यांच्यासमोर काय होतं ते बघा. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि त्यातून पाणी निघून जात होतं. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद असल्यासारखं दाखवत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' असा आदेश गेला की नाही, एवढंच दाखवत होता. दुसरा मापक सांगत होता की पाणी जास्त झालंय. शंभराहून जास्त अलार्म एकदम वाजत होते. या माहितीत पाणी कमी करणं हेच त्यांना शिकवलेलं होतं.

आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे. १० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा, एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण. कलाम यांनी स्वतः अनेकदा सांगितलेला किस्सा आहे: उलट मोजणी चालू असताना संगणकाने उड्डाण थांबवलं, तज्ज्ञांनी गळती असली तरी इंधन पुरेसं आहे असा सल्ला दिला, आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून प्रक्षेपण केलं. रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. हेच यशस्वी झालं असतं तर आज तो 'यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवणाऱ्या नेत्याचा' किस्सा म्हणून भाषणांत आला असता. निर्णय तोच, माणूस तोच. फक्त शेवट वेगळा. पत्रकारांसमोर मात्र सतीश धवन गेले आणि जबाबदारी स्वतःकडे घेतली.

हा प्रसंग हिंदी सिनेमाला फार आवडतो. 'मिशन मंगल' (२०१९) मध्ये सुरुवातीलाच एक उड्डाण फसतं आणि राकेश धवन दोष स्वतःवर घेतो. आडनाव योगायोगाने आलेलं नसावं. पण त्या चित्रपटाबद्दल फार बोलण्यासारखं मला नाही. त्यातली तारा शिंदे गॅस बंद केल्यावरही गरम तेलात पुऱ्या तळल्या जातात यावरून इंधन वाचवायची युक्ती काढते. प्रसंग गोड आहे, विद्या बालन तो निभावूनही नेते. पण शास्त्रज्ञ बाईला कल्पना सुचायची तर स्वयंपाकघरातच सुचावी, हा साचा मला कंटाळवाणा वाटतो. आणि संशोधन असं होत नाही. निदान माझं तरी एका पुरीने पुढे सरकलेलं नाही.

मला खरं तर ज्या चित्रपटाबद्दल लिहायचं होतं तो 'कार्गो'. आरती कडव या नागपूरच्या दिग्दर्शिकेचा. २०१९ मध्ये मुंबईच्या मामी महोत्सवात आला आणि पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर. फार लोकांनी बघितला नाही, ज्यांनी बघितला त्यातल्या अनेकांना संथ वाटला.

गोष्ट अशी. पुष्पक ६३४-ए नावाचं यान. त्यात प्रहस्त (विक्रांत मॅसी) नावाचा राक्षस एकटा नोकरी करतो. नोकरी काय, तर पृथ्वीवर मेलेली माणसं यानात येतात, त्यांना म्हणायचं 'कार्गो'. त्यांच्या जवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, शरीर दुरुस्त करायचं, स्मृती पुसायची, पुढच्या जन्माला पाठवून द्यायचं. पुढचा कार्गो. मग एक दिवस युविष्का (श्वेता त्रिपाठी) ही नवी मुलगी मदतनीस म्हणून येते. प्रहस्त हा रामायणात रावणाचा सेनापती, आणि पुष्पक हे रावणाने कुबेराकडून हिसकावलेलं विमान. तो सेनापती आता फॉर्म भरणारा कर्मचारी झालाय. कोणी आरडाओरडा करून हे आपल्याला सांगत नाही, हे मला आवडलं.

यात साचे सगळे आहेत. एकटा अंतराळवीर, उत्साही नवशिकी, पृथ्वीवरून बोलणारा आवाज, मागे राहिलेलं प्रेम. पण माणसांचं वागणं साच्यातलं नाही, कारण ती वीर नाहीत, ड्युटीवर आहेत. प्रहस्तचं बोलणं ऐका. मेलेला माणूस समोर गोंधळून उभा आहे आणि हा ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या सुरात पुढे जातो. क्रूर नाही, हजारदा तेच केलंय इतकंच. रात्रपाळीला पाचवा अलार्म 'अ‍ॅक्नॉलेज' करणाऱ्या ऑपरेटरचा चेहरा ज्यांनी बघितलाय त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. लिझॅन बेनब्रिज या अभ्यासिकेने १९८३ मध्ये एक लेख लिहिला, आमच्या क्षेत्रात अजूनही सगळे वाचतात तो. मुद्दा असा, की यंत्र जितकं काम करू लागतं तितकं माणसाच्या वाट्याला नुसतं बघत बसणं येतं, आणि नेमकं बिघडतं तेव्हा मात्र त्याच्याकडून पूर्ण कौशल्याची अपेक्षा असते. 'कार्गो'मधलं यान जुन्या टीव्हीसारख्या पडद्यांनी आणि खटक्यांनी भरलेलं आहे. बजेट कमी असल्याचं काही समीक्षक म्हणाले. असेल. पण खऱ्या कंट्रोल रूममध्ये यंत्रं अशीच दोन-तीन पिढ्यांची एकत्र नांदत असतात. चकचकीत काचेचे पडदे फक्त हॉलीवूडच्या यानात.

पृथ्वीवरचा आवाज म्हणजे नीतिज्ञ, आणि तो केलाय नंदू माधव यांनी. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले फाळके. हॉलीवूडमध्ये जमिनीवरचा माणूस एक तर आकडे सांगतो किंवा शेवटी टाळ्या वाजवतो. नंदू माधव यांनी त्याला एक जुना, मायाळू सिनिअर केलंय, ज्याला नियमही माहीत आहेत आणि समोरचा किती दमलाय तेही. असा एक सिनिअर प्रत्येक प्लांटमध्ये असतो, आणि संघटनेच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्रास देत राहिली, आणि तो चित्रपटाचा दोष आहे की माझ्या गावाचा, ठरवता येत नाही. माणूस येतो, त्याच्या वस्तू काढून घेतात, स्मृती पुसतात, दुसरीकडे पाठवतात, आणि हे सगळं कोणी दुष्ट नसताना, व्यवस्थित, नम्रपणे होतं. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथल्या लोकांना दुसरीकडे वसवलं. त्यातही कोणी पोस्टरवरचा राक्षस नव्हता. 'कार्गो' प्रहस्तच्या एकटेपणाकडे इतक्या प्रेमाने बघतो की खुर्चीत बसलेल्या माणसाला काय वाटतं, हे तो थोडक्यात आटोपतो. एकेक जण येतो, एखादं गमतीदार वाक्य बोलतो आणि जातो. कर्मचाऱ्याची कहाणी सांगताना मालाची कहाणी विनोदात गेली. आरती कडवना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही, नावच 'कार्गो' ठेवलंय. पण तिथे थांबायला हवं होतं.

दुसरी तक्रार तांत्रिक आहे. आमच्या विषयात पाळी बदलताना होणाऱ्या चार्ज देण्या-घेण्याला फार महत्त्व आहे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेल-फलाटावर १६७ माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. तो पंप चालवायचा नाही, ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. त्यांना जे माहीत होतं त्यात ते बरोबरच होतं.

आता युविष्का येते. प्रहस्त कित्येक वर्षं हे यान एकट्याने चालवतोय. कुठलं यंत्र कधी रुसतं, कुठला खटका दोनदा दाबावा लागतो, हे फक्त त्याच्या डोक्यात आहे. एकट्या माणसाच्या हाताखालच्या यंत्रांचं असंच होतं. आमच्याकडे त्याला 'त्यालाच माहितीय' म्हणतात, आणि तो माणूस निवृत्त झाला की दोन वर्षं सगळे त्याला फोन करत असतात. जुना आणि नवी एकमेकांना कसे स्वीकारतात यावर चित्रपट भरपूर वेळ देतो, आणि तो वेळ सुंदर आहे. पण तो तिला नेमकं काय शिकवतो? काय सांगायचं मुद्दाम टाळतो, कारण ते सांगितलं की त्याची गरज संपते? निवृत्तीला आलेल्या माणसाचं हे टाळणं मी मुलाखतींमध्ये पुन्हा पुन्हा ऐकलंय, कधी थेट, कधी हसण्यावारी नेलेलं. "सगळं लॉगबुकमध्ये लिहिलं तर मला कोण विचारणार?" असं एकाने सांगितलं होतं. प्रहस्तच्या तोंडी हे वाक्य सहज शोभलं असतं.